वावडे असलेल्या घरची परसबाग

महाराष्ट्रातील ग्रामीण स्वयंपाकघरात शेंगदाण्याचे कूट हा मिठाइतकाच हाताशी असणारा जिन्नस आहे. भरल्या वांग्यांत कूट, काकडीच्या कोशिंबिरीत कूट, पालेभाजीत कूट. आणि उपवासाच्या दिवशी तर साबुदाण्याच्या खिचडीपासून वऱ्याच्या तांदळाबरोबरच्या आमटीपर्यंत सर्वत्र दाण्याचेच राज्य असते. अशा घरातील एखाद्या मुलास शेंगदाण्याचे वावडे आहे असे निष्पन्न झाले, म्हणजे त्या कुटुंबापुढे उभा राहणारा प्रश्न साध्या पथ्याचा नसतो. चमचाभर कुटानेही त्या मुलाचा जीव धोक्यात येऊ शकतो, आणि ते कूट घरच्याच शेतात पिकलेले व घरच्याच खलबत्त्यात कुटलेले असते. ज्या पिकावर घर चालते त्याचीच भीती बाळगण्याची पाळी येते.

या अडचणीवर पूर्ण उपाय परसबागेत नाही. परंतु तिचे साहाय्य मोठे आहे. जी भाजी आपल्या नजरेखाली वाढली, जिला कोणते खत घातले हे आपणांस ठाऊक आहे आणि जी आपल्याच हातांनी चिरून शिजविली, तिच्याविषयी मनात शंका राहत नाही. वावडे असलेल्या घरात या निःशंकतेचे मोल फार आहे.

वावडे म्हणजे काय?

ज्याला आपण वावडे म्हणतो त्यास वैद्यकीय परिभाषेत ॲलर्जी किंवा अधिहर्षता असे म्हणतात. ‘ॲलर्जी’ हा शब्द व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली प्रथम योजिला. शरीरात रोगजंतूंचा प्रतिकार करणारी जी यंत्रणा असते ती कधी कधी निरुपद्रवी अन्नातील प्रथिनालाच शत्रू समजते व त्याविरुद्ध विशिष्ट प्रतिद्रव्य तयार करते. या प्रतिद्रव्याचा शोध १९६६ साली अमेरिकेत काम करणाऱ्या इशिझाका या जपानी शास्त्रज्ञ दांपत्याने लावला. पुढे तेच अन्न पुन्हा पोटात गेले म्हणजे शरीरातील पेशी हिस्टामिन व तत्सम द्रव्ये एकदम बाहेर टाकतात. मग अंगावर गांधी उठतात, ओठ व डोळे सुजतात, उलट्या होतात. आणि प्रसंगी घसा दाटून श्वास कोंडतो व रक्तदाब उतरतो. ही लक्षणे बहुधा काही मिनिटांत, फार तर दोन तासांच्या आत दिसू लागतात.

प्रत्येक खाज हे वावडे नव्हे

परसबागेतील काही भाज्या मुळातच खाजऱ्या असतात. अळू व सुरण यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. ते जिभेला व घशाला टोचतात. हा त्रास कोणालाही होऊ शकतो. त्यास वावडे म्हणत नाहीत. या भाज्यांत चिंच किंवा आमसूल घालून त्या पूर्ण शिजविण्याची आपल्याकडील जुनी रीत या दृष्टीने योग्यच आहे.

वांग्याविषयीही असाच गैरसमज आढळतो. वांगे खाल्ल्यावर अंगाला खाज सुटते, अशी तक्रार पुष्कळजण करतात. म्हैसूर येथे ७४१ व्यक्तींची पाहणी करण्यात आली व तिचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. त्यांत खरी ॲलर्जी शंभरात एकाहूनही कमी व्यक्तींत आढळली. उरलेल्यांच्या तक्रारी खोट्या होत्या असे नव्हे. पण त्यांचे कारण निराळे होते. काही लोकांना कच्चा टोमॅटो किंवा कच्चे गाजर खाल्ल्यावर तोंडात खवखव जाणवते, परंतु तीच भाजी शिजविल्यावर चालते. कारण त्या भाजीतील संबंधित प्रथिन उष्णतेने बदलते. शेंगदाण्याचे मात्र तसे नाही. त्यातील प्रथिने उष्णतेला दाद देत नाहीत. भाजल्याने त्यांचा उपद्रव उलट वाढू शकतो. तेव्हा ‘चांगले भाजून घेतले म्हणजे चालेल’ हा समज घातक होय.

निदानावाचून पथ्य नको

स्वतःच्या तर्काने एकामागून एक जिन्नस बंद करीत जाणे हितावह नाही. बंगळूर व म्हैसूर भागातील प्रौढ व्यक्तींची जी पाहणी २०१६ साली प्रसिद्ध झाली, तीत सुमारे चौथा हिस्सा लोकांच्या रक्तात कोणत्या ना कोणत्या अन्नाविरुद्ध प्रतिद्रव्य आढळले. प्रत्यक्ष वावडे असण्याचा संभव मात्र शेकडा १.२ लोकांतच दिसला. यावरून केवळ रक्ततपासणीच्या कागदावरून मुलाचे दूध, डाळ, अंडी व भाज्या एकदम बंद करणे किती चुकीचे आहे हे ध्यानात येईल. अशाने वाढत्या वयाचे मूल कुपोषित होते. काय खाल्ले, किती वेळाने काय झाले, याची टिपणे ठेवून ती डॉक्टरांना दाखवावीत. घरी थोडे थोडे चारून पाहण्याचा प्रयोग कदापि करू नये.

शेंगदाणा हा शेंगवर्गातील असल्याने तूर, हरभरा, वाटाणा, चवळी, घेवडा हे सर्वच वर्ज्य करावे काय, असा प्रश्न साहजिकच निघतो. शेंगदाणा न चालणाऱ्या बहुतेकांना या वर्गातील अन्य पुष्कळ जिन्नस चालतात. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने एकेकाविषयी निर्णय घ्यावा. मेथी मात्र लक्षात ठेवण्याजोगी आहे. तीही शेंगवर्गातील वनस्पती असून शेंगदाण्याचे वावडे असलेल्या काही व्यक्तींना मेथीदाण्याचाही त्रास झाल्याचे नमूद आहे. तेव्हा त्याविषयी डॉक्टरांना स्पष्ट विचारून घ्यावे व तोपर्यंत मेथीऐवजी माठ व पालक लावावा.

जागा व आखणी

अर्ध्या गुंठ्याची, म्हणजे सुमारे १० मीटर लांब व ५ मीटर रुंद जागा या कामी पुरेशी आहे. जागा पाण्याच्या सोयीजवळ, दिवसाचे निदान सहा तास ऊन मिळणारी व शेंगा वाळविण्याच्या खळ्यापासून दूर अशी निवडावी. मधोमध ६० सें.मी. रुंदीची वाट सोडून दोन्ही बाजूंस २.२ मीटर लांबी-रुंदीचे चार चार वाफे आखावेत व दोन वाफ्यांमध्ये ४० सें.मी. अंतर ठेवावे. याप्रमाणे आठ वाफे बसतात. शेवगा, पपई व कढीपत्ता ही कायमची झाडे उत्तरेच्या बाजूस लावावीत, म्हणजे त्यांची सावली वाफ्यांवर पडत नाही. सांडपाण्याच्या वाटेवर केळी व अळू लावावे. दोडका, दुधी व कारली यांचे वेल कुंपणावर किंवा मांडवावर चढवावेत.

खत व आच्छादन

प्रत्येक वाफ्यात चांगले कुजलेले शेणखत १० ते १२ किलो मिसळावे. भुईमुगाची पेंड हे उत्तम खत खरे. परंतु या बागेत ते वापरू नये. तिचा चुरा हाताला, भाजीला व मुलाच्या खेळण्यांना लागतो. भुईमुगाची टरफले आच्छादन म्हणून पसरण्याची पद्धतही येथे सोडून द्यावी. एरंडीच्या पेंडीची धूळ पुष्कळांना बाधते व ती पेंड जनावरांसही विषारी असते, म्हणून तीही टाळावी. त्यांऐवजी निंबोळी पेंड प्रत्येक वाफ्यास पाव ते अर्धा किलो द्यावी. आच्छादनासाठी उसाचे पाचट किंवा वाळलेला पाला वापरावा.

शेंगवर्गीय पीक फेरपालटीत नसेल तर जमिनीचा कस कसा टिकावा, अशी शंका येईल. त्यासाठी वर्षातून एकदा दोन वाफ्यांत आळीपाळीने ताग पेरून तो सहा-सात आठवड्यांनी, फुलावर येताच, जमिनीत गाडावा. ताग शेंगवर्गातीलच आहे. पण तो खाण्यासाठी नसल्याने नत्राचा लाभ होतो आणि स्वयंपाकघरात काही येत नाही.

मावा व तुडतुडे यांच्या बंदोबस्तासाठी अर्धा किलो निंबोळीची भुकटी रात्रभर पाण्यात भिजवून, सकाळी गाळून, एकंदर १० लिटर द्रावण करून फवारावे.

हंगामवार लागवड

पावसाळ्याच्या आरंभी भेंडी, दोडका, दुधी, कारली, काकडी, लाल भोपळा व तांबडा माठ लावावा. भेंडीचे बी रात्रभर भिजवून दोन ओळींत ४५ सें.मी. व दोन झाडांत १५ सें.मी. अंतरावर टोकावे. सुमारे दीड महिन्याने तोडा सुरू होतो. त्यानंतर एक दिवसाआड कोवळी फळे तोडावीत. माठ २५ ते ३० दिवसांत काढणीस येतो, म्हणून तो एकाच वेळी सगळा न पेरता पंधरा पंधरा दिवसांनी पेरावा.

थंडीत वांगी, टोमॅटो, कोबी, गाजर, मुळा, पालक, कोथिंबीर, कांदा व लसूण घ्यावा. वांग्याची रोपे ६० सें.मी. अंतरावर लावल्यास एका वाफ्यात नऊ झाडे सुखाने वाढतात. उन्हाळ्यात पुन्हा भेंडी व काकडी, तसेच राजगिऱ्याची पालेभाजी घ्यावी. रताळ्याचे वेल एका वाफ्यात अवश्य लावावेत. उपवासाच्या दिवशी त्यांचा फार उपयोग होतो.

आठांपैकी एक वाफा त्या मुलाच्या स्वाधीन करावा. ज्या मुलाला प्रत्येक पंक्तीत ‘हे तुला नको’ असेच ऐकावे लागते, त्याला स्वतः उपटलेले गाजर किंवा तोडलेली काकडी घरच्यांना वाढता आली, तर त्याचे अन्नावरील मन उडत नाही. बी पेरताना व काढणी करताना त्याला आपले पथ्यही आपोआप समजू लागते.

एवढे मात्र ध्यानात ठेवावे की, शेंगदाण्याची जागा भाजी एकटी भरून काढीत नाही. १०० ग्रॅम दाण्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात. ती उणीव दूध, दही, अंडी आणि चालत असलेल्या डाळी यांनी भरून काढावी. शेवग्याच्या पाल्याचा येथे विशेष उपयोग आहे. त्याच्या १०० ग्रॅममध्ये ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२४ सालच्या आहारविषयक मार्गदर्शनानुसार प्रौढ व्यक्तीस रोज सुमारे ४०० ग्रॅम भाजीपाला हवा. या बागेने त्यातला मोठा वाटा उचलला तरी पुष्कळ झाले.

स्वयंपाकघरातील दक्षता

दाणे घरातून पूर्णपणे बाहेर ठेवणे हाच सर्वांत सुरक्षित मार्ग होय. पाटा-वरवंटा व खलबत्ता यांच्या खाचांत कुटाचा अंश राहतो. म्हणून मुलाच्या स्वयंपाकासाठी निराळा खलबत्ता व मिक्सरचे निराळे भांडे ठेवावे. शेतावरून किंवा शेंगा फोडून आल्यावर हात नुसत्या पाण्याने न धुता साबण लावून धुवावेत. केवळ पाण्याने तो अंश पुरता जात नाही. शेंगा साठविण्याची खोली राहत्या घरापासून वेगळी असावी आणि शेंगा तोडण्याच्या दिवसांतील कपडे घरात आणू नयेत. एवढे पाळले तर भुईमुगाचे पीकच सोडून देण्याची आवश्यकता सहसा पडत नाही.

तेलाबाबत विशेष विचार करावा. घाण्यावर काढलेल्या भुईमुगाच्या तेलात प्रथिनाचा अंश राहतो, म्हणून ते वर्ज्य समजावे. करडई किंवा सूर्यफुलाचे तेल घ्यावे. पण ज्या घाण्यावर आधी भुईमूग गाळला गेला, त्याच घाण्यावरचे ते नसावे. दुकानातील बंद पुडीवरील मजकूर वाचण्याची सवय लावावी. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० सालच्या नियमांनुसार शेंगदाणा, दूध, अंडी, मासे, सोयाबीन, ग्लुटेनयुक्त धान्ये इत्यादी घटक असल्यास तसा उल्लेख पुडीवर करणे आवश्यक आहे. तीळ व मोहरी यांचा मात्र त्या यादीत समावेश नाही, हे ज्यांना त्यांचे वावडे आहे त्यांनी विसरू नये.

ज्या घरी गव्हाचे वावडे आहे त्यांना ज्वारी, बाजरी, नाचणी व तांदूळ यांचा आधार आहे. परंतु ज्वारी गव्हाच्या पाठोपाठ गिरणीत दळली तर तिच्यात गव्हाचे पीठ मिसळते. तसेच बाजारातील हिंगाच्या पुडीत पुष्कळदा गव्हाचे पीठ घातलेले असते. फोडणीतल्या चिमूटभर हिंगाने भाजी वर्ज्य होऊ शकते, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

कुटावाचून भाज्या

कुटाने भाजीला दाटपणा, स्निग्धता व खमंगपणा येतो. हे तिन्ही गुण अन्य जिनसांनी साधता येतात. तीळ हा त्यांतला सोपा पर्याय वाटतो. पण शेंगदाण्याचे वावडे असलेल्या काहींना तीळही चालत नाहीत. तेव्हा विचारल्याशिवाय तीळ वापरू नयेत. गोड्या मसाल्यातही तीळ असतात, म्हणून तो घरीच तिळावाचून करावा.

*भरली वांगी :* पाव किलो लहान वांग्यांस अर्धी वाटी किसलेले सुके खोबरे व एक कांदा भाजून वाटून घ्यावा. त्यात दोन चमचे ज्वारीचे पीठ कोरडेच खमंग भाजून घालावे. आले, लसूण, तिखट, मीठ, मसाला, थोडा चिंचेचा कोळ व गूळ मिसळून हे सारण वांग्यांत भरावे आणि झाकणावर पाणी ठेवून मंदाग्नीवर शिजवावे. पिठामुळे रस दाट होतो.

*काकडीची कोशिंबीर :* काकडी बारीक चोचवून पाणी पिळून काढावे. त्यात अर्धी वाटी ओले खोबरे, मीठ, चिमूटभर साखर व लिंबाचा रस घालून वरून तूप, जिरे व हिरवी मिरची यांची फोडणी द्यावी.

*पीठ पेरून माठ :* लसणीच्या फोडणीवर चिरलेला माठ परतावा. तो निम्मा शिजला म्हणजे मूठभर ज्वारीचे पीठ वरून पेरून, पाण्याचा हबका मारून, झाकण ठेवावे. भाजी मोकळी व खमंग होते.

*उपवासासाठी :* उपवासाचा दिवस या मुलांस सर्वांत धोक्याचा, कारण त्या दिवशी घरोघरी कुटाचेच पदार्थ असतात. रताळ्याचा कीस तुपाजिऱ्याच्या फोडणीवर परतून त्यात ओले खोबरे घालावे. वऱ्याच्या तांदळाबरोबर लाल भोपळ्याची आमटी करावी. भोपळा शिजवून घोटावा, त्यात वाटलेले खोबरे व चमचाभर राजगिऱ्याचे पीठ लावावे, आणि आमसूल, मिरची व जिरे घालून उकळी आणावी.

घराबाहेर

शाळेत व अंगणवाडीत शिक्षकांना व सेविकांना मुलाच्या वावड्याविषयी लेखी कळवावे. चिक्की, लाडू, चटणी व संक्रांतीचा तिळगूळ यांत दाणे असतात, हे स्पष्ट सांगावे. लग्नकार्यात ‘एवढ्याशाने काय होते’ असा आग्रह मायेपोटीच होतो. परंतु तेथे संकोच करू नये. नकार देण्याने यजमानांचा अपमान होत नाही, हे गावातील वडीलधाऱ्यांनीच चारचौघांत सांगितले तर आईवडिलांचे काम हलके होईल.

त्याच घरात नवे बालक जन्मास आले तर भीतीपोटी त्यालाही शेंगदाणा कायमचा बंद करणे योग्य नव्हे. ब्रिटनमध्ये तीव्र इसब किंवा अंड्याचे वावडे असलेल्या ६४० तान्ह्या मुलांवर झालेल्या व २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यांना लहानपणापासून शेंगदाण्याचे मऊ पदार्थ दिले त्यांच्यापैकी पाचव्या वर्षी शेकडा सुमारे ३ जणांना वावडे आढळले. ज्यांना ते टाळले त्यांत ते प्रमाण शेकडा सुमारे १७ होते. अशा बालकाची आधी तपासणी करून डॉक्टरांच्या देखरेखीखालीच आरंभ करावा. अख्खे दाणे मात्र लहान मुलास कधीही देऊ नयेत. ते श्वासनलिकेत अडकतात.

प्रसंग ओढवल्यास

आवाज घोगरा होणे, श्वासाला घरघर लागणे, वारंवार उलट्या होणे, मूल निस्तेज पडणे, यांपैकी काहीही दिसल्यास क्षणाचाही विलंब लावू नये. यावर खरा उपाय ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन हाच होय; ते मांडीच्या बाहेरील बाजूच्या स्नायूत देतात. खाजेच्या गोळ्या त्याची जागा घेऊ शकत नाहीत. घरगुती काढ्यात वेळ दवडू नये. मुलाला आडवे निजवून पाय उंच ठेवावेत, श्वास घेणे जड जात असल्यास पाय पसरून बसवावे. चालवू मात्र नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने जवळच्या आरोग्य केंद्रात न्यावे. बरे वाटू लागले तरी काही तासांनी लक्षणे उलटू शकतात, म्हणून डॉक्टर सांगतील तोवर तेथेच थांबावे. जवळचे आरोग्य केंद्र कोणते, तेथे हे औषध असते काय आणि रात्री वाहन कोणाचे मिळेल, याची चौकशी आजच करून ठेवावी.

वावडे हा कोणाचा दोष नव्हे, आणि ते मुलाचे लाडही नव्हेत. काही मुलांचे वावडे वयाबरोबर जाते, शेंगदाण्याचे मात्र पुष्कळांस जन्मभर राहते. तेवढ्या वर्षांत त्या मुलाने घरच्या ताटासमोर भीतीने बसावे की भुकेने बसावे, हे बऱ्याच अंशी घरातील मोठ्यांच्या हाती आहे. अर्ध्या गुंठ्याची बाग, निराळा खलबत्ता आणि साबणाने धुतलेले हात ही साधने कोणत्याही शेतकरी कुटुंबाच्या आटोक्यातील आहेत. येत्या पावसाळ्यापूर्वी जागा आखून, शेणखत मिसळून, वाफे तयार ठेवावेत. म्हणजे पहिल्या पावसाबरोबर भेंडी व माठ पेरता येईल आणि महिन्याभरात त्या मुलाच्या ताटात घरच्या बागेतील पहिली निर्धास्त भाजी पडेल.